हाताचे ठसे घ्यायचं थ्रीडी किट: पहिल्यांदा काडी जमली, दुसऱ्यांदा करंगळी गेली

आधीच सांगून टाकतो, किट वाईट नाहीये. पण डब्यावर ज्या वयाच्या बाळाचा फोटो छापलाय त्या वयाच्या बाळासाठी हे किट नाही आणि हे मला एक अख्खं पाकीट वाया घालवल्यावर कळलं, म्हणून हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण असली किट्स वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आत साधारण तोच माल असतो. आमच्या डब्यात निघालं ते असं, अल्जिनेट पावडरची दोन पाकिटं, एक किलो प्लास्टर, प्लास्टिकची बादली, लाकडी काडी, सॅन्डपेपरचा तुकडा, सोनेरी रंगाची ट्यूब, एक ब्रश (याचे केस पहिल्याच हाताला रंगात चिकटून बसले) आणि घडी घातलेलं माहितीपत्रक, ज्यातलं अक्षर वाचायला चष्मा घालावा का काढावा तेच समजत नाही.

घरात मुलं दोन. थोरली सहा वर्षांची, धाकटा अजून तीनचा व्हायचाय. दोघांनी एकमेकांचा हात धरलेला आहे असा पांढरा पुतळा करून शेल्फवर ठेवायचा ही बायकोची आयडिया, आणि ती प्रत्यक्षात आणायची जबाबदारी अर्थातच माझी.

ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अल्जिनेट पाण्यात कालवायचं, ते काही मिनिटांत रबरासारखं जमतं, जमायच्या आधी त्यात हात बुडवून स्थिर धरायचा, जमलं की हात हळूच काढून घ्यायचा, आत हाताच्या आकाराची पोकळी उरते, त्यात प्लास्टर ओतायचं आणि प्लास्टर कडक झालं की बाहेरचं रबर सोलून टाकायचं. अल्जिनेट हे समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात, दाताचे डॉक्टर माप घ्यायला तोंडात जो गार गार लगदा भरतात तो याचाच. तोंडात चालतं तर हाताला चालेल एवढा साधा हिशोब मी केला, तरी पावडर कालवताना ती हवेत उडते म्हणून मास्क लावा आणि पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा.

आता पहिला प्रयत्न. पत्रकात लिहिलंय "सामान्य तापमानाचे पाणी घ्यावे". मी म्हटलं गार पाण्यात हा पोरगा हात घालणार नाही, म्हणून छान कोमट घेतलं आणि तिथेच माती खाल्ली. नंतर वाचल्यावर कळलं की अल्जिनेट गरम पाण्यात भराभर जमतं आणि गार पाण्यात सावकाश. त्या पावडरीतच कॅल्शियमचा एक क्षार मिसळलेला असतो, पाणी पडलं की तो विरघळायला लागतो आणि अल्जिनेटच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधून टाकतो, त्याचंच ते रबर. आपल्याला ढवळायला वेळ मिळावा म्हणून त्यात थोडं फॉस्फेटही घातलेलं असतं, ते सुरुवातीचं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं आणि ते संपलं की मगच जमणं सुरू. पाणी कोमट असलं की हा सगळा कारभार पळत पळत उरकतो. हे एक वाक्य मोठ्या अक्षरात छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

तर मी ढवळतोय, गुठळ्या फोडतोय, एकीकडे धाकट्याला हाका मारतोय, तो टेबलाखाली जाऊन बसलाय आणि बादलीतला रंग बघता बघता जांभळ्याचा गुलाबी आणि गुलाबीचा पांढरा. (आमच्या पावडरीत रंग बदलायची सोय आहे, जांभळं असेपर्यंत ढवळायचं, गुलाबी झालं की हात घालायचा, पांढरं झालं म्हणजे जमलं. ही सोय मात्र एक नंबर आहे, घेताना बघून हेच घ्या.) तो टेबलाखालून बाहेर आला तोवर बादलीत काडी आपली आपण सरळ उभी होती.

आई दारात उभी राहून बघत होती. "झाला का रे पुतळा?"

"काडीचा झाला."

"अरे, जे पोर दोन मिनिटं शीला बसत नाही ते बादलीत हात घालून उभं राहणार होय? तुला तरी कळायला पाहिजे."

थोरलीचं म्हणणं वेगळंच, तिने काडी उपसून काढली आणि त्या भोकात प्लास्टर ओतून "काडीचा पुतळा" कर असा हट्ट धरला. तो खरंच केला, चुलीतून काढलेल्या खडूसारखा दिसतो, पण त्या निमित्ताने मला प्लास्टर कालवायची प्रॅक्टिस झाली हे कबूल करतो. नवीन माणसाने पहिलं प्लास्टर असल्याच कशावर तरी घालवावं.

दुसऱ्या पाकिटाच्या वेळी मात्र शहाणा झालो. तीन दिवस साध्या पाण्याच्या बादलीत रंगीत तालीम. पुतळा-पुतळा खेळायचं, बहीणभावाने हात धरून पाण्यात घालायचे, बाबा टायमर लावणार, जो हलेल तो आऊट. धाकट्याचा पहिल्या दिवशीचा रेकॉर्ड ११ सेकंद, तिसऱ्या दिवशी ५० वर गेला. आणि पत्रक म्हणतं हात अडीच ते तीन मिनिटं स्थिर ठेवा. आता पावणेतीन वर्षांचं मूल तीन मिनिटं स्थिर म्हणजे त्याला ताप तरी आलेला असतो नाहीतर झोप.

यावर जो उपाय सापडला तो या रिव्ह्यूतली सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं मला वाटतं. पत्रकाप्रमाणे मुलाला बादलीशेजारी उभं करून मग पावडर कालवायला घ्यायची. तसं करूच नका. पाणी २० डिग्रीच्या आसपास घ्या (मी फिश टँकचा थर्मामीटर वापरला, तापाचा थर्मामीटर इतकं खाली दाखवत नाही), मुलं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर खेळू देत, तुम्ही एकटे शांतपणे ढवळा, आणि जांभळ्यात गुलाबी झाक आली की हाक मारा. म्हणजे मुलाच्या सहनशक्तीतला एकही सेकंद ढवळण्यात खर्च होत नाही. फार उशीर करूनही चालत नाही, जमायला लागलेल्या लगद्यात हात घातला की बोटांभोवती तो नीट बसत नाही आणि घड्या पडतात, पण त्या रंगामुळे अंदाज येतो.

आमच्याकडे बायकोने दोघांना घेऊन यायचं असं ठरलं होतं. आली. बाह्या वर, हात एकमेकांत, आणि बादलीत. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे हात आत गेल्यावर बोटं एकमेकांवर जरा चोळायला सांगायची, त्याने बोटांच्या बेचक्यात अडकलेली हवा निघून जाते, नाहीतर पुतळ्याच्या हाताला तेवढ्या जागी प्लास्टरचे मणी चिकटलेले दिसतात. दुसरं, बोटांची टोकं बादलीच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नयेत, टेकली तर तिथे लगदाच नसतो आणि ते बोट सपाट कापल्यासारखं निघतं. थोरली अगदी शहाण्यासारखी उभी होती, वर ती भावाला हत्तीची गोष्ट सांगत होती, गोष्ट अशी की हत्तीचे पाय चिखलात रुतलेत आणि तो हलला तर मगर येणार. मला ही गोष्ट ऐकून थोडी काळजी वाटली पण चालू होतं ते चालू दिलं.

ऐंशीव्या सेकंदाला धाकटा म्हणाला, "बाबा, हे मला ओढतंय." तर ते खरंच ओढतं, जमलेलं रबर हाताला घट्ट बसतं आणि हात वर घ्यायला गेलं की आत हवा जायला जागा नसते म्हणून खेचल्यासारखं वाटतं. मोठ्यांना गंमत वाटते, लहान मूल मात्र घाबरतं, त्यात मगर येणार हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं. त्याने करंगळी हिसकली. बाकीची बोटं राहिली, थोरलीने त्याचा हात असा काही दाबून धरला होता की सुटायची सोयच नव्हती. पांढरं झाल्यावर काढताना दोघांना बोटं हळूहळू वळवळवायला सांगितली, त्याने कडेने हवा शिरते आणि हात फसकन सुटून येतो. या आवाजावर दोघंही इतकी हसली की पुन्हा करू म्हणाली. पण पाकीट संपलं होतं.

साचा तयार झाला की प्लास्टर लगेच ओतायचं, "नंतर बघू" नाही. साच्यात बहुतेक सगळं पाणीच असतं, उघडा ठेवला की पाणी उडून तो आकसतो आणि आतला हात बारीक होत जातो. प्लास्टर कालवताना पाण्यात पावडर भुरभुरवायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर तळाला कोरडे गठ्ठे राहतात. आमच्या पत्रकात १ किलोला ५५० मिली पाणी होतं, शाम्पूइतपत पातळ होतं ते. आधी थोडंसंच ओतून बादली तिरकी करत सगळीकडे फिरवायची, म्हणजे बोटांच्या टोकापर्यंत ते पोचतं, मग बाकीचं ओतायचं आणि बादली टेबलावर हळू हळू आपटत राहायची, बुडबुडे वर येतात. लहान मुलांचे हात ते केवढेसे, दोघांचे मनगटापर्यंतचे हात भरूनही प्लास्टर अर्ध्याहून जास्त उरलं. ते उरणार हे धरून चाला आणि आधीच वाळूच्या खेळण्यातले साचे वगैरे मांडून ठेवा कारण ते तुमच्यासाठी थांबत नाही. आमच्याकडे चार मासे, एक किल्ला आणि झाडाच्या पानांचे ठसे झाले आणि खरं सांगायचं तर धाकट्याला पुतळ्यापेक्षा मासेच आवडलेत.

भांडी धुताना: मोरीत किंवा बेसिनमधे एक थेंबही नाही! प्लास्टर सुकून कडक होत नाही, ते पाण्याबरोबर रिॲक्शन होऊन कडक होतं, त्यामुळे पाईपातल्या पाण्यातही ते मजेत जमतं आणि मग प्लंबर. बादलीत उरलेलं तसंच जमू द्या, बादली दाबली की पापुद्रे निघतात, ते कचऱ्यात. अल्जिनेटचं रबरपण कचऱ्यातच.

पत्रक म्हणतं एका तासाने उघडा. मोठ्या माणसाच्या हाताला ठीक असेल, लहान मुलाची बोटं पेन्सिलीएवढी, ती तेव्हा कच्ची असतात. आम्ही रात्रभर ठेवलं, सकाळी पुतळा अल्जिनेटच्या ढेकळासकट बादलीतून उलटा काढला आणि मग उत्खनन. हा भाग पैसे वसूल आहे, खरंच. रबराचे तुकडे सोलत जायचं, आतून आधी एक पेर दिसतं, मग नख, मग अंगठा, आणि डिटेल इतके की थोरली नखं कुरतडते तेसुद्धा कायमचं रेकॉर्डवर आलंय, तळहाताच्या रेषा, पेरावरच्या सुरकुत्या, सगळं. तिला ते बघून जरा लाजच वाटली. धातूचं काही वापरू नका, काडीचंच टोक वापरा, मी एका ठिकाणी चमच्याची कड लावली आणि मनगटावर चरा पडला.

करंगळी अर्धीच होती. धाकट्याने पुतळा बघितला, मग स्वतःचा हात उलटासुलटा करून बघितला, करंगळी आहे ना याची खात्री केली, आणि विचारलं, "माझं बोट बादलीत राहिलं?" त्याला पटवायला अर्धा तास गेला. प्लास्टर पुन्हा कालवून बोट लावता येतं, त्यासाठी तुटलेली जागा आधी पाण्याने नीट भिजवायची, कोरड्या प्लास्टरवर ओलं लावलं तर कोरडं त्यातलं पाणी शोषून घेतं आणि जोड पकडत नाही. मी करणार होतो. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याने त्या अर्ध्या करंगळीला बँडेजची पट्टी लावून ठेवलेली. मग राहू दिलं.

आता माझी खरी तक्रार, वाळवण्याबद्दल. डब्यावर ठळक छापलंय, २४ तासांत रंगवा. हे साफ चूक आहे. मी तर तीन दिवस थांबून सोनेरी रंग लावला तरी आठवड्याभरात तो साप कात टाकतो तसा पापुद्र्यांनी सुटायला लागला आणि आतून कुबट वास. मग सगळा खरवडला, आणि किचनमधल्या वजनकाट्यावर पुतळा रोज ठेवायला लागलो (बायको म्हणाली, बाळाचं वजनसुद्धा तू इतक्या वेळा केलं नव्हतंस). साच्यातून काढला त्या सकाळी ६२० ग्रॅम होता ते मी थोरलीच्या हट्टापायी लिहून ठेवलेलं होतं. सोळाव्या दिवशी ४७५ वर आला आणि तिथेच थांबला. याचं कारण साधं आहे, एक किलो प्लास्टरला कडक व्हायला जेमतेम १८६ ग्रॅम पाणी लागतं, आपण ओतता यावं म्हणून ५५० घालतो, मग उरलेलं साडेतीनशेच्या वरचं पाणी कुठे जाणार? ते छिद्राछिद्रातून सावकाश उडतं. वर रंग फासला की ते आतच कोंडतं. काटा नसेल तर पुतळा गालाला लावून बघा, गार लागला म्हणजे अजून ओला आहे, पाणी उडतंय म्हणून गार. लवकर वाळावा म्हणून ओव्हनमधे वगैरे घालू नका, तडे जातात. पंख्याखाली जाळीवर ठेवा आणि विसरून जा. आम्ही नंतर रंगवलाच नाही, पांढराच छान दिसतो, आणि ती सोनेरी ट्यूब माशांना लागली.

अजून एक, आणि यासाठी मी कंपनीचा एक पूर्ण स्टार कापतोय. प्लास्टरमधे थेट हात घालायचा नाही ही सूचना पत्रकाच्या मागच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. ही सूचना डब्याच्या झाकणावर लाल अक्षरात पाहिजे. प्लास्टर जमताना गरम होतं, जाड गोळा असला तर ६० डिग्रीपर्यंत जाऊ शकतं, आणि एव्हाना ते कडक झालेलं असल्यामुळे हात बाहेर येत नाही. २००७ साली इंग्लंडमधे लिंकनशायरच्या एका शाळेत आर्टच्या तासाला १६ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताचा साचा करायला हात थेट प्लास्टरच्या बादलीत घातले, भाजून तिची बहुतेक बोटं गेली. घाबरवायला नाही सांगत, पण दोन्ही पावडरी पांढऱ्या, दोन्ही पाकिटं एकसारखी, आणि घरात पोरांचा गोंधळ, अदलाबदल व्हायला किती वेळ लागतो? मी प्लास्टरचं पाकीट डबा उघडल्या उघडल्या कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं आणि हात साच्यातून बाहेर आल्यावरच खाली काढलं, तुम्हीपण तसंच करा.

मग हे घ्यावं कोणी? चार वर्षांच्या पुढचं मूल असेल तर बिनधास्त घ्या, त्याला काय चाललंय ते कळतं, मजा येते, उत्खननही त्यालाच करू द्या. अगदी तान्ह्या बाळाचा करायचा असेल तर हात विसरा, पहिले पाचेक महिने ती मूठ काही सोडत नाहीत, तळहातात काही टेकलं की घट्ट धरायचं हे त्यांच्यात जन्मतःच असतं, लगद्यात हात घातला की लगदाच मुठीत. झोपेत पाय घ्या, पाय उत्तम येतो. किंवा ते शाई न लागणारं वाइप आणि खास कागद मिळतो ना, बाळाच्या पायाला वाइप पुसायचं आणि कागदावर टेकवायचं, ते घ्या, धाकटा वीस दिवसांचा असताना आम्ही तेच केलं होतं, एका मिनिटात काम.

आणि मधलं वय, म्हणजे आमच्या धाकट्याचं, एक ते तीन, त्यासाठी हवेत वाळणारी क्ले. हात दाबायला दोन सेकंद पुरतात, चुकलं की गोळा करून परत लाटा, शंभर वेळा. जाडी अर्धा सेंटीमीटरच्या थोडी वर ठेवा, फार पातळ केली तर वाकते. आणि तिला उन्हात ठेवून घाई करू नका, वरची बाजू आधी आकसते, खालची ओलीच, मग वाटीसारखी वळते नाहीतर भेगा पडतात. जाळीवर ठेवून दर काही तासांनी उलटी करत राहा. पिठामिठाचा गोळा करूनही ठसे होतात, खेळायला छान, पण ठेवायला नाही, मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि दमट दिवसात तो ठसा मऊ पडतो, शिवाय घरात कुत्रा असेल तर नकोच, एवढं मीठ त्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

मार्क द्यायचे तर अल्जिनेटला पाचपैकी पाच, प्लास्टरला चार, ब्रश आणि रंगाला शून्य, पत्रकाला एक, तोही फुकटचा. सगळं मिळून तीन स्टार. अल्जिनेटचं सुटं पाकीट कंपनी देत नाही, एक बिघडलं तर पूर्ण किट परत घ्या म्हणतात, पण डेंटल सामानाच्या दुकानात सुटं अल्जिनेट मिळतं, ते घेतलं तरी चालतं, फक्त डेंटलमधे पटकन जमणारं आणि सावकाश जमणारं असे दोन प्रकार येतात, त्यातलं सावकाशवालं मागा. मी आणलंय. थोरलीला आता आजीचा हात धरून पुतळा करायचाय आणि आजी म्हणते माझ्या बांगड्या अडकतील, तेवढं एक मिटलं की करतो.